शेवटचे अकरा हात

मिस्त्रींना मेलेल्या उंदराची किळस नव्हती, तारेतल्या सांध्याची होती. अकोल्याला एका जिनिंगच्या कचेरीत आम्ही जुनं वायरिंग बघायला गेलो होतो. छताजवळच्या फळीआड उंदीर मरून पडला होता आणि त्या वासाने आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून अंगणात पळालो. मिस्त्री शिडीवर चढले, उंदीर शेपटीला धरून खिडकीबाहेर टाकला आणि त्याच हाताने फळी उपसायला लागले. मग उंदराच्या खालीच त्यांना तारेचे दोन तुकडे दिसले, एकमेकांना पीळ दिलेले, वर काळी पट्टी गुंडाळलेली. ते सरसर खाली उतरले आणि विहिरीवर जाऊन त्यांनी चूळ भरली. "काय झालं, मिस्त्री?" मी विचारलं. "सांधा हाये आतमंदी," ते म्हणाले. "थू! किळस येते बावा मले."

नवे पैसे नुकतेच आले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. अमरावतीला आमचं विजेच्या कामांचं दुकान होतं. आमचं म्हणजे नानांचं. नाना मालक, मी त्यांचा एस्टिमेटचा बाबू आणि मिस्त्री प्रत्यक्ष काम करणारे. एखाद्या इमारतीत तारा टाकायला किती खर्च येईल याचा अंदाज काढून कागदावर मांडायचा, हे माझं काम. मी ते खुर्चीत बसून करत असे. इमारतीचा नकाशा पुढे घ्यायचा, दिवे किती ते मोजायचे, एका दिव्यामागे इतके वार तार धरायची आणि गुणाकार करायचा. वर दहा टक्के मीठमसाला. असलं एस्टिमेट कधी बरोबर येत नसे, पण चुकलं तर तार उरे नाहीतर गिऱ्हाईक बोंबले, आणि दोन्ही गोष्टी नानांच्या अंगवळणी पडल्या होत्या.

मिस्त्रींना माझ्या या कागदाचीही किळस होती. ती ते लपवत नसत. कागद दोन बोटांत असा धरत, की त्याला काही तरी लागलेलं आहे. "तार भितीवरून जाते बाबूजी, कागदावरून नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकून मला राग यायचा, कारण मी मॅट्रिक होतो आणि त्यांनी अक्षरं गिरवली ती पस्तिशीत, स्वतःच्या मुलीच्या पाटीवर.

त्यांची स्वतःची रीत निराळी होती. खांद्याच्या खाकी पिशवीत सुतळीचा गोळा असे. त्या सुतळीला हाताहातावर गाठी मारलेल्या, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. "हात कोणाचा धरलास रे?" असं नानांनी एकदा चेष्टेने विचारलं, तर म्हणाले, "माह्याच. दुसऱ्याचा म्या कुठून आनू?" पण तो हात त्यांनी कापडाच्या दुकानातल्या लोखंडी गजाला लावून बघितला होता. दोन हातांचा एक वार, सुताचाही फरक नाही.

इमारतीत गेले की ते सुतळी भिंतीला लावत. जिथून तार जायची तिथूनच सुतळी जायची. चौकटीवरून, तुळईला वळसा घालून, कोपऱ्यात अंगठ्याने दाबून, मग खाली. लोक हसत. तुळईच्या वळशाला किती सुतळी गेली हे मोजणारा माणूस त्यांनी बघितलेला नसे. मिस्त्री हसण्याकडे लक्ष देत नसत. मोजून झालं की त्या इमारतीची सुतळी तोडत, तिचा निराळा गोळा वळत आणि वर पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर गोल गोल अक्षरांत इमारतीचं नाव. पुढे दहा वर्षांनी कुठे तार बदलायची झाली तर गोळा काढून बघता यावा, असा त्यांचा हिशेब. घरी खिळ्यांवर असे पन्नासेक गोळे टांगलेले होते. गावातल्या कित्येक इमारतींची आतडी त्या भिंतीवर लटकत होती म्हणा ना.

ते मूळचे हिवरखेडचे. घर अकोल्याला केलं होतं, रुळांच्या पलीकडे, आणि आठवडाभर अमरावतीला दुकानामागच्या खोलीत राहून शनिवारी घरी जात. नागपूरला जाऊन त्यांनी धम्म घेतला होता आणि घरातले देव काढून बुद्धाची तसबीर लावली होती. नाना म्हणत, "मिस्त्री, माणूस तू सोन्यासारखा, पण हे काय डोक्यात घेतलंस?" मिस्त्री म्हणत, "डोस्क्यात नाई घेतलं नाना, डोस्क्यावरचं उतरवलं." आणि पुन्हा पक्कड उचलत. नानांच्या दुकानात पाण्याचे दोन माठ होते. दुसरा कोणासाठी ते कधी कोणी बोलत नसे, आणि मीही विचारलं नाही.

मी त्यांच्या घरी एकदाच गेलो, एका कामाची चिठ्ठी बघायला. सारवलेलं स्वच्छ घर. त्यांच्या बायकोने चहा टाकला. "राहू द्या, आज माझा उपास आहे, चतुर्थी," मी म्हणालो. कोपऱ्यात पाटी घेऊन बसलेली त्यांची मुलगी लगेच म्हणाली, "चतुर्थी तं परवा झाली." मिस्त्री मोठ्याने हसले. "बस्स वं. आपल्या घरी आलं का लोकायले उपास लागतेच. तुमचा नंबर कितवा, बाबूजी? म्या मोजनं सोडलं." त्यात कडवटपणा नव्हता, आणि म्हणूनच मला तिथून पळावंसं वाटलं. बाई चहाचा कप घेऊन आत गेली. बाहेर येऊन मी मनात म्हटलं, घरचे जुन्या वळणाचे आहेत, त्याला मी काय करणार. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते आणखी एकाच्या तोंडून येणार आहे.

तर अकोल्याला एका नव्या इमारतीचं काम आलं. जठारपेठेकडच्या एका बड्या व्यापाऱ्याने तीन मजली इमारत बांधली होती. त्यांना सगळे अप्पासाहेब म्हणत. खालच्या दोन मजल्यांवर भाड्याचे तीस गाळे आणि तिसऱ्यावर स्वतःची बैठक. अप्पासाहेब मुंबईला जाऊन आले होते आणि तिथे कुठे तरी त्यांनी इमारतीतल्या इमारतीत बोलायचे टेलिफोन बघितले होते. गाळ्यातून गाळ्यात, आणि सगळ्यांतून अप्पासाहेबांच्या बैठकीत. तसे आपल्याकडे हवेत, असं त्यांच्या मनाने घेतलं. दिवे आधीच लागले होते. आम्ही फक्त टेलिफोनच्या तारा टाकायच्या, सगळ्या तारा खाली जिन्याजवळच्या एका पेटीत आणायच्या, आणि त्याचं एस्टिमेट द्यायचं.

हे काम नेहमीसारखं नव्हतं. ती तार इथे मिळत नसे. मुंबईहून मोजून मागवायची, यायला दीड महिना, आणि महाग. अप्पासाहेबांनी नानांना स्वच्छ सांगितलं, "आकडा एकदा द्या. नंतर वर एक नवा पैसा मागितलात तर मिळणार नाही, आणि माझ्या इमारतीत वेडेवाकडे तुकडे जोडलेले मला चालणार नाहीत." नागपूरच्या एका ठेकेदाराने माझ्यासारखाच गुणाकार करून आकडा दिला होता. माझाही जवळजवळ तेवढाच येत होता. खाली उतरायचं तर नेमकं माप हवं, आणि नेमकं माप एकच माणूस काढू शकत होता.

नानांनी मिस्त्रींना गादीजवळ बोलावलं. "हे काम मापात बसव," ते म्हणाले, "मग तुझ्या परवान्याच्या कागदावर मी सही करतो." स्वतःच्या नावावर कामं घ्यायला सरकारी परवाना लागे, आणि त्यासाठी परवानेवाल्या मालकाचा दाखला. मिस्त्री सहा वर्षं ती सही मागत होते. नाना सहा वर्षं "बघू" म्हणत होते. अकोल्याला जाताना गाडीत, मूर्तिजापूर गेल्यावर, भाकर सोडता सोडता मिस्त्री मला म्हणाले, "पाटी कशी करावं, बाबूजी? निळी का लाल?" कसली पाटी, मी विचारलं. "दुकानाची. माह्या नावाची. पोरगी म्हनते निळी." मग एकदम लाजले आणि भाकरीकडे बघत बसले. इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागताना मी त्यांना त्या एकदाच पाहिलं.

तीन दिवस आम्ही मोजत होतो. इमारतीला नुकताच चुना दिला होता. भिंतीला नुसतं टेकलं तरी अंग पांढरं होई. मिस्त्री पहिल्याच तासात डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले आणि तपकिरी सुतळी दोऱ्यासारखी पांढरीशुभ्र. तीस गाळे, तीस तारा. प्रत्येक तारेला शेवटी एक हात जास्त धरायचा, पेटीत बांधायला. ते आकडा सांगत, मी लिहून घेई. अप्पासाहेब मध्येच येऊन कौतुकाने बघून जात. "असा कामाचा माणूस पाहिजे," ते मला म्हणाले. आदल्याच आठवड्यात त्यांनी अमरावतीच्या एका सभेत अध्यक्षपदावरून भाषण केलं होतं, की आता सगळे एक, भेद संपले. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वरच्या मजल्यावर पोचलो. एकतिसावी, शेवटची तार. बैठकीच्या दारापर्यंत मिस्त्रींनी सुतळी आणली आणि आत पाऊल टाकणार, तोच अप्पासाहेब दारात आले. बैठकीच्या एका भिंतीत त्यांनी देवघर केलं होतं. गाळे भाड्याने जायच्या आधी देव बसले होते. "तुम्ही आत नका जाऊ, मिस्त्री," अप्पासाहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले. "माझं काही नाही हो. पण घरचे जुन्या वळणाचे आहेत." त्या मऊपणाची मला आज जितकी किळस येते, तितकी त्यांनी शिवी दिली असती तरी आली नसती. पण आज येते. त्या दिवशी मी नुसता चुळबुळलो, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, बरोबरच आहे, त्यांचं घर आहे.

मिस्त्रींनी उचललेलं पाऊल मागे घेतलं. मग त्यांनी सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं. "तुमी घ्या. चौकटीवरून वर, भितीभितीनं, देवाच्या वरून वळसा, मंग कोपऱ्यातून खाली मेजापाशी. कोपऱ्यात दाबजा. दाबल्याबिगर माप लागत नाई."

मी आत गेलो. मेज समोरच्या कोपऱ्यात होतं. माझ्या अंगात परीटघडीचा पांढरा सदरा होता, आणि भिंतीवर तो ओला चुना. स्टूल घेऊन भिंतीला चिकटून हिंडायचं, गवंड्यासारखं, तेही अप्पासाहेबांच्या समोर? मी एस्टिमेटचा बाबू होतो. इतक्यात आतून माझ्यासाठी शिरा आला. बशीत, वर बदामाचे काप. "बसा हो, सावकाश," अप्पासाहेब म्हणाले. मी बसलो. शिरा खाल्ला. तूप इतकं होतं की बशीच्या काठावर गोठलं होतं. मग उठून मी सुतळी दारापासून मेजापर्यंत हवेतून सरळ ताणली, खोलीच्या मधून. अकरा हात भरले. माझ्या सदऱ्याला डाग लागला नाही.

बाहेर आलो. "अकरा," मी म्हणालो. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "भितीले लावली होती ना?"

"हो तर."

"बरं." त्यांनी सुतळीकडे बघितलं नाही. माझ्या हातून घेतली आणि गोळ्यावर गुंडाळून टाकली. "तुमी सांगतलं म्हनजे झालं." दुसऱ्या कोणाचं माप त्यांनी असं न बघता कधी घेतलं नव्हतं. ते मोठेपण होतं की नुसता थकवा, मला ठरवता आलेलं नाही.

आमचा आकडा नागपूरवाल्याच्या खाली आला आणि काम मिळालं. दीड महिन्याने तार आली. पंधरा दिवस मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालचे दोघे वायरमन खपत होते. गाळ्यामागून गाळा, तार अशी बसत होती की शेवटी पेटीत जेमतेम तो एक हात उरत होता. नाना मुद्दाम अमरावतीहून आले. तीस तारा त्यांनी मोजून बघितल्या आणि मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारली. तेवढी थाप मारताना त्यांना विटाळ झाला नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मग एकतिसावी. आत जायला बंदी, म्हणून मिस्त्री दाराबाहेर उभे आणि आत एक वायरमन शिडीवर. चौकटीवरून तार आत गेली, भिंतीने चालली, देवघराच्या वर आली. तिथे थांबली. "मिस्त्री," तो आतून ओरडला, "कमी पडून राहिली! चांगली दहा हात कमी हाये!"

मिस्त्रींचा चेहरा मी बघितला. कोणी तरी कानफटात मारावी तसा तो झाला होता. अप्पासाहेब आतून बाहेर आले. देवांच्या डोक्यावर लोंबणारं तारेचं टोक त्यांना दिसलं होतं. "हे तुमचं माप?" ते नानांना म्हणाले. आवाज आता मऊ नव्हता. "मी म्हटलंच होतं, या लोकांच्या हातच्या कामात कुठे तरी खोट निघायचीच." असं ते कधीही म्हणाले नव्हते. नाना गयावया करायला लागले. नवी तार यायला दीड महिना. तेव्हा एक तुकडा जोडून घ्यावा, देवघराच्या वर, झाकणपट्टीच्या आत दिसणारही नाही.

"सांधा म्या देनार नाई," मिस्त्री म्हणाले.

"मग माप चुकवलंस कशाला?" नाना ओरडले.

मिस्त्रींनी पिशवीत हात घातला. त्या इमारतीचा गोळा त्यांच्यापाशी होता, चिठ्ठीसकट. तो त्यांनी तिथेच, जिन्याच्या सज्ज्यावर, सोडायला सुरुवात केली. शेवटचं माप गोळ्यात सगळ्यात वर होतं, ते आधी सुटलं. तपकिरी, कोरी, बाजारातून आणल्यासारखी सुतळी. अकरा गाठी. आणि त्याच्या खालची, तिथून गोळ्याच्या गाभ्यापर्यंत, सगळी पांढरी. चुन्याने खरखरीत झालेली. पांढरं जिथे संपलं आणि तपकिरी जिथे सुरू झालं, तिथे त्यांनी अंगठा ठेवला.

"ही सुतळी भितीले लागलीच नाई," ते म्हणाले. कोणाकडे न बघता म्हणाले. "ज्यानं धरली होती, त्यानं सांगा."

आत कोण गेलं होतं हे अप्पासाहेबांना माहीत होतं. शिरा त्यांनीच आणवला होता. मला तर माहीत होतंच. नानांनीही एकदा माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं असावं. पण मला काढलं असतं तर दुकानात एस्टिमेट कोण करणार, आणि अप्पासाहेबांच्या घरच्या जुन्या वळणाचा विषय निघाला असता. मिस्त्रींना काढणं सगळ्यांनाच सोपं होतं. मी खाली बघून सदऱ्याचं बटण चाचपत राहिलो. ते तुटलेलंही नव्हतं.

"सुतळीचे खेळ पुरे झाले," अप्पासाहेब म्हणाले. "या माणसाला माझ्या इमारतीतून बाहेर काढा."

मिस्त्रींनी सुतळी पुन्हा गुंडाळली. घाई केली नाही, चिठ्ठी नीट बांधली. पिशवी खांद्याला लावून जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर मी त्यांना गाठलं. "मिस्त्री, मी..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. ते थांबले. रागावले असते तर मी कदाचित रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तेवढी सोय त्यांनी केली नाही. "सांधा दिसत नाई, बाबूजी," ते म्हणाले. "पन असते." आणि गेले. वर हाताखालच्या वायरमनने तारेला तुकडा जोडला, काळी पट्टी गुंडाळली आणि वरून झाकणपट्टी ठोकली. ठोकल्याचा आवाज खालपर्यंत येत होता.

सही अर्थातच झाली नाही. निळी पाटी लागली नाही. मिस्त्रींना पुढे अकोल्यातच एका सरकारी खात्यात वायरमनची नोकरी लागली असं कळलं. बल्ब बदलायचे, फ्यूज बांधायचे. ज्याला तुळईचा वळसा मोजता येत होता, तो माणूस साहेबांच्या बंगल्यावरच्या घंटा दुरुस्त करत हिंडला. माझं उलट बरं चाललं. नाना थकल्यावर मी दुकानात भागीदार झालो. एस्टिमेट बरोबर देणारा माणूस म्हणून माझं अमरावतीत नाव झालं, कारण त्या दिवसापासून मी स्वतः सुतळी घेऊन भिंतीभिंतीने हिंडायला लागलो, सदरा मळवून घेत. ही माझी रीत आहे असं लोक समजतात, आणि मी त्यांना समजू दिलं. एकदा एका नवशिक्या बाबूला मी सांगितलं, "तार भिंतीवरून जाते, कागदावरून नाही." बोललो आणि मलाच शिसारी आली. त्यांचं वाक्यसुद्धा मी सोडलं नव्हतं.

अप्पासाहेबांच्या टेलिफोनमध्ये मात्र कायम खरखर होती असं ऐकलं. तीसही गाळ्यांचे टेलिफोन स्वच्छ बोलत, आणि मालक आपल्या बैठकीतून "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" म्हणून ओरडत बसत. याचा मला काही वर्षं आनंद होत असे. मग त्याचाही वीट आला. खरखर करणारा तो सांधा अप्पासाहेबांचा नव्हता, माझा होता.

दहा-अकरा वर्षांनी मिस्त्री गेल्याचं कळलं. महिना होऊन गेला होता. मी अकोल्याची गाडी पकडली. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. माफी मागायला जिवंत माणूस लागतो, हे कळण्याइतका मी तेव्हा मोठा झालो होतो.

घर तेच, सारवलेलं. बुद्धाच्या तसबिरीशेजारी मिस्त्रींचा फोटो लावला होता. चतुर्थी परवा झाली म्हणणारी ती मुलगी आता शाळेत मास्तरीण झाली होती. मी नाव सांगितलं, अमरावतीच्या दुकानातला म्हटलं. "बसा," ती म्हणाली. तिची आई आत होती. "च्या ठेवतो," ती आतून म्हणाली, आणि मी घाईघाईने म्हटलं, "ठेवा, ठेवा." इतक्या वर्षांनी का होईना, तेवढं तरी नीट करायचं मी गाडीतच ठरवलं होतं.

समोरच्या भिंतीवर गोळे टांगलेले होते, खिळ्याखिळ्यावर, धूळ झटकलेले. मी उठून चिठ्ठ्या वाचू लागलो. शाळा, दवाखाना, जिनिंग, वखार. त्या इमारतीचा गोळा अगदी कडेला होता. वरचे वेढे तपकिरी, फटीतून आतला पांढरा दिसत होता. चिठ्ठीवर इमारतीचं नाव आणि त्याखाली त्याच गोल गोल अक्षरांत आणखी एक ओळ. दुसऱ्या कुठल्याही चिठ्ठीवर दुसरी ओळ नव्हती. "शेवटचे अकरा हात माझे नाहीत."

मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. "त्याची काई तरी गोठ हाये," ती म्हणाली. "बाबानं कधी सांगतली नाई. आमी म्हनो, तोडून टाका तेवढी. तं म्हनत, माही नाई तं म्या कशी तोडू? ज्याची हाये तो येईन न्याले."

तिला काहीच माहीत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. एकदा बसलोच होतो.

"माझी आहे ती," मी म्हणालो. "मी धरली होती. भिंतीला न लावता."

बाबांची नोकरी, न लागलेली निळी पाटी, बंगल्यांवरच्या घंटा, सगळं तिने मनात एकापुढे एक लावलं असणार. मापाची सवय त्या घरात होतीच. मग तिने खिळ्यावरचा गोळा काढला आणि माझ्या हातात दिला. "मंग घेऊन जा," ती म्हणाली.

आतून तिची आई कप घेऊन दारात आली. चहाला आल्याचा वास होता. मुलीने तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

"राहू दे माय," ती म्हणाली. "त्यायले उपास असन."

"नाही, आज उपास नाही," मी म्हणालो. पण तोवर बाई कप घेऊन आत वळली होती.